केव्ह डायव्हिंगचा टॉर्च: किती लुमेन पुरे?

तारकर्लीत किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिली डुबकी, मग अंदमान, मग एखादा ॲडव्हान्स्ड कोर्स, आणि दोन-चार वर्षांनी मेक्सिकोतल्या पाण्याखालच्या गुहांचे फोटो बघून झोप उडणं. हा प्रवास केलेली बरीच मराठी मंडळी आता भेटतात. त्या गुहांजवळच्या तुलुम गावाचं तिकीट काढलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टॉर्च किती लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) घेऊ?

उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिला मुख्य दिवा १००० ते १५०० लुमेनचा, झोत अरुंद म्हणजे ६ ते ८ अंशांचा, आणि उजेड कमी करायची सोय असलेला. सोबत दोन बॅकअप, प्रत्येकी २०० ते ४०० लुमेनचे, झोत त्यांचाही अरुंदच. एवढ्यावर गुहेतले बहुतेक डाईव्ह आरामात होतात. पण हे आकडे दुकानात नेऊन दाखवलेत तर चुकीचा टॉर्च हातात पडण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून पुढचं लिहितो.

एक गोष्ट आधी. हा लेख कोर्सला जाण्यापूर्वीच्या खरेदीसाठी आहे, कोर्सच्या ऐवजी नाही. ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या, प्राथमिक कोर्सचं) कार्ड आणि भारी टॉर्च घेऊन गुहेत शिरलेली माणसं परत न आल्याचा इतिहास मोठा आहे. उलट मी म्हणेन, चांगला टॉर्च नवख्याला जास्त आत ओढतो. समोरचं स्वच्छ दिसत असतं, मग वळावंसं वाटत नाही. फ्लोरिडातले केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून काही मूलभूत नियम मांडले. पुढे त्यांत भर पडत गेली आणि आज कुठल्याही केव्ह कोर्समध्ये पाच गोष्टी पाठ करून घेतात: प्रशिक्षण, बाहेरपर्यंत अखंड लाईन (वाट दाखवणारी दोरी), वायूचा म्हणजे सिलिंडरमधल्या श्वासाचा हिशोब, खोलीची मर्यादा आणि दिवे. दिवे यादीत शेवटी येतात, आणि तिथेही नियम दिव्यांच्या संख्येचा आहे. प्रत्येकाकडे किमान तीन. ते किती प्रखर असावेत, हे नियम सांगत नाही.

पहिलं काम: कुठल्या गुहेत जाणार ते बघा

मेक्सिकोच्या युकातानमधल्या, म्हणजे तुलुमच्या बाजूच्या, गुहा चुनखडीच्या. भिंती पांढऱ्या ते फिकट पिवळ्या, पाणी काचेसारखं, प्रवाह जवळजवळ नाही, खोली बहुतेक ठिकाणी कमी. दोस ओहोससारख्या सेनोतेत (पाण्याने भरलेला नैसर्गिक खड्डा, तिथूनच गुहेत शिरतात) तर छतापासून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुनखडीचे खांब इतके दाट आहेत की एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपातून पोहतोय असं वाटतं. पांढरी भिंत उजेड परत फेकते. चुना मारलेल्या खोलीत चाळीसचा बल्बही पुरतो, तसंच. शिवाय बऱ्याच वाटा अरुंद. समोरचा दगड चार-पाच मीटरवर. अशा ठिकाणी १००० लुमेन म्हणजे चैन आहे. मी निम्म्यावर ठेवतो.

याच भागात ओयो नेग्रो नावाचा खड्डा आहे. २००७ साली तीन डायव्हर पाण्याखालच्या बोगद्यातून पुढे सरकत होते आणि अचानक पायाखालची जमीन संपली. समोर काळोख. हातातले दिवे चांगले होते, तरी ना तळ दिसला ना पलीकडची भिंत. तो खड्डा तळाशी सुमारे ६० मीटर रुंद आहे. पुढे तिथे हिमयुगातल्या प्राण्यांची हाडं आणि १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा सांगाडा सापडला. तिला डायव्हरांनी नाया असं नाव दिलं. सांगायचा मुद्दा इतकाच की एकाच प्रदेशात, एकाच पांढऱ्या चुनखडीत, जागा मोठी झाली की तोच दिवा काडेपेटीसारखा वाटायला लागतो. पण ओयो नेग्रोसारख्या जागी नवख्याला कुणी नेत नाही. त्यासाठी आत्ताच टॉर्च घेऊ नका.

उत्तर फ्लोरिडाचं गणित वेगळं. तिथे काही गुहांच्या भिंती काळपट आहेत आणि त्या उजेड पिऊन टाकतात. टॅलाहासीच्या बाजूला पाण्यात पालापाचोळ्यातलं टॅनिन उतरतं आणि पाणी काळ्या चहासारखं दिसू लागतं. तिथल्या वाकुला स्प्रिंग्ज या मोठ्या झऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी आहेत, पण पाणी असं गडद असलं की त्या चालवण्यात अर्थ नसतो. अशा पाण्यात जास्त ताकदीचा, खूप अरुंद झोताचा दिवा खरंच उपयोगी पडतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे गढूळ. २०१८ च्या जून-जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते सगळ्यांना आठवत असेल. २ जुलैला ब्रिटिश डायव्हर त्यांच्यापर्यंत पोचले. (पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही तिथे होती, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या होत्या.) त्या चिखलाच्या पाण्यात लुमेनला काही किंमत नव्हती. हात दोरीवर आणि डोकं शांत, एवढंच भांडवल. पाण्यात गाळ उठला की तुमचा पाच हजार लुमेनचा दिवा फक्त पांढरी भिंत दाखवतो, हे तिथूनच शिकून ठेवा.

म्हणून टॉर्च घेण्याआधी ज्याच्याकडे कोर्स करणार आहात त्या प्रशिक्षकाला एक मेल टाका: आपण कुठल्या गुहांत जाणार, आणि तुम्ही स्वतः कुठला दिवा वापरता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. कारण पुढे येईल.

लुमेन विसरा, झोत बघा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे जातो, हे लुमेन सांगत नाही. बादलीभर पाणी आहे एवढंच कळतं. ते पाईपच्या तोंडावर बोट दाबून मारलंय की अंगणात ओतलंय, ते कळत नाही. एका दिशेला किती जोर आहे, ते कँडेला सांगतो.

थोडा हिशोब करू. १००० लुमेनचे दोन टॉर्च घ्या. एकाचा झोत ८ अंशांचा, दुसऱ्याचा १२० अंशांचा. असे रुंद दिवे व्हिडिओसाठी बनवतात. सगळा उजेड आपापल्या कोनात एकसारखा पसरतो असं धरू. पाच मीटरवर पहिल्याचा कवडसा सुमारे ७० सेंटिमीटरचा, म्हणजे पोळपाटाच्या दुप्पट-अडीचपट. दुसऱ्याचा उजेड सतरा मीटर रुंद भागावर सांडतो. कवडशातला उजेड पहिल्याचा दुसऱ्याच्या जवळजवळ दोनशे पट! लुमेन दोन्हीकडे तेवढेच.

यात पाण्याची आणखी एक गंमत आहे. टॉर्चची काच सपाट असेल तर प्रकाश काचेतून पाण्यात शिरताना आत वळतो आणि हवेतला ८ अंशांचा झोत पाण्यात साधारण ६ अंशांचा होतो. कंपनी कुठला आकडा छापते, ते विचारून घ्या. काही जण हवेतला छापतात, काही पाण्यातला.

नवखे लोक इथे हटकून फसतात, आणि मीही फसलो होतो. पहिल्या वेळी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी ४००० लुमेनचा व्हिडिओ लाइट घेऊन गेलो. हॉटेलच्या खोलीत लावला तर दिवस उजाडला. गुहेत पहिल्या दहा मिनिटांतच प्रशिक्षकाने मागे वळून हाताने तो बंद करायची खूण केली. मी बुचकळ्यात. वर आल्यावर तो म्हणाला, ‘तू मागे होतास. माझ्यासमोरची अख्खी गुहा उजळली होती. त्यात तुझा कवडसा कुठला, ते मला कळतच नव्हतं. तू आहेस की नाहीस, हे बघायला मला सारखी मान वळवावी लागत होती.’

दिवा बोलतो

केव्ह डायव्हिंगच्या टॉर्चबद्दल बाहेरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही ती गोष्ट ही. समुद्रातल्या नाईट डाईव्हला टॉर्च बघण्यासाठी असतो. गुहेत बघणं हे त्याचं दुय्यम काम आहे. मुख्य काम बोलण्याचं.

तीन जण एका ओळीत, लाईनच्या कडेने जातात. पुढच्याला मागचा दिसत नाही, पण मागच्याचा कवडसा त्याच्या बाजूच्या भिंतीवर किंवा जमिनीवर हळूहळू सरकताना दिसत राहतो. तो दिसतोय तोवर सगळं ठीक. तो काही सेकंद गायब झाला, तर थांबायचं आणि मागे बघायचं. कवडसा सावकाश गोल फिरला, तर विचारणा: बरं आहे ना? उत्तरही तसंच, सावकाश गोल. आडवा, सावकाश डावी-उजवीकडे हलला, तर लक्ष दे, काहीतरी सांगायचंय. आणि तोच आडवा, जोरजोरात, घाईने हलला, तर संकट: बहुधा हवा संपली आहे. मग हातातलं सगळं सोडून वळायचं.

आपल्याकडचे ट्रकवाले रात्री घाटात अप्पर-डिपरवर अख्खा संवाद करतात, तसंच हे. आणि तिथल्यासारखंच इथेही, समोरच्याचा अप्पर सतत डोळ्यांत असेल तर त्याने डिपर मारला तरी कळत नाही.

आता प्रखरतेचा प्रश्न पुन्हा बघा. तुमचा दिवा साथीदारांच्या दिव्यांपेक्षा फार मोठा असेल, तर तुमच्या उजेडात त्यांचे कवडसे विरघळून जातात. त्याने संकटाची खूण केली तरी तुमच्या प्रकाशाच्या पुरात ती वाहून जाईल. तुमचा फार लहान असेल, तर त्यांना तुमचा दिसणार नाही. म्हणून माझ्या मते किती प्रखर हवा, याचं खरं उत्तर आहे: तुमच्या टीमइतका. तिघांचे दिवे एका पट्टीतले हवेत, कुणाचा ८०० आणि कुणाचा १२०० असला तरी बिघडत नाही, पण ५०० आणि ५००० एकत्र नेऊ नका. प्रशिक्षकाला त्याचा टॉर्च विचारायचं कारण हे. त्याच्या जवळपासचा घ्या.

अरुंद झोतातही दोन भाग असतात. मधला लखलखीत ठिपका आणि त्याभोवती सांडलेला मंद उजेड. पूर्ण कापलेला झोत, म्हणजे मधे ठिपका आणि बाजूला काळोख, खुणांना उत्तम पण वागवायला कंटाळवाणा. नळीतून जग बघितल्यासारखं वाटतं. थोडा बाजूचा उजेड असेल तर पायाजवळची लाईन आणि हातातला प्रेशर गेज ओझरता दिसत राहतो. दोन टॉर्च सारख्याच ताकदीचे असतील तर मी थोडा बाजूचा उजेड असलेला घेतो. हा आवडीचा भाग आहे, वाद घालणारे भेटतील.

जास्त उजेड कधी नडतो

पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणी घाटातून रात्री गाडी चालवली असेल, तर हा भाग तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. धुक्यात हेडलाइट अप्परवर टाकला की रस्ता दिसायचा बंद होतो आणि समोर दुधाचा पडदा उभा राहतो. पाण्यातही कण असतात. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला लागतात आणि तिथला चुना बर्फासारखा भुरभुरत खाली येतो. कुणाच्या पायातला फिन जमिनीला लागला तर गाळ उठतो. या प्रत्येक कणावर आपटून उजेड तुमच्याच डोळ्यांत परत येतो. झोत जितका रुंद, तितके जास्त कण उजळतात. ताकद जितकी जास्त, तितका पडदा पांढरा.

अशा वेळी करायचं काय? उजेड कमी करा आणि दिवा डोळ्यांपासून दूर न्या, हात खाली आणि बाजूला. म्हणजे कणांवरून परतणारा उजेड थेट डोळ्यांकडे येत नाही. धुक्याचे दिवे गाडीच्या बंपरखाली असतात, ते त्याचसाठी. हातावर बसणाऱ्या दिव्याचा हा मोठा फायदा आहे. त्याला गुडमन हँडल म्हणतात: हाताच्या पाठीवर दिवा, बोटं मोकळी. ब्रिटन आणि युरोपातल्या अरुंद, गढूळ गुहांत हेल्मेटवर दिवे लावायची पद्धत आहे, कारण तिथे दोन्ही हात सरपटायला लागतात. तिथे ते बरोबरही आहे. पण हेल्मेटवरच्या दिव्याने साथीदाराकडे बघितलं की त्याचे डोळे दिपतात. युकातानच्या मोकळ्या, स्वच्छ पाण्यात हातावरचाच बरा.

डोळे दिपण्याचं नुकसान काही सेकंदांचं नसतं. काळोखाला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक जोरदार झोत थेट डोळ्यांत गेला की ती कमाई क्षणात जाते. म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर दिवा मारणं गुहेत फार मोठा उद्धटपणा समजतात. बोलायचं असेल तर आपला कवडसा त्याच्या कवडशाशेजारी नेऊन ठेवायचा. हाताच्या खुणा दाखवायच्या असतील तर आपल्याच हातावर उजेड पाडायचा.

युकातानमध्ये आणखी एक प्रकार भेटेल. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, आणि मधे जिथे दोन्ही मिसळतात तो थर. कुणी त्यातून पोहत गेलं की पाणी साखरेच्या पाकासारखं लहरू लागतं आणि सगळं धूसर दिसतं. नवख्याचा हात लगेच टॉर्चच्या बटणाकडे जातो. उपयोग शून्य. पुढच्याच्या थोडं वर किंवा बाजूला सरका, चित्र स्वच्छ होईल.

एक शेवटची गोष्ट, दुकानदार सांगणार नाही अशी. लुमेन दुप्पट केले की उजेड दुप्पट वाटत नाही. आपले डोळे तसे मोजत नाहीत. दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. १००० आणि १३०० मधला फरक तुम्हाला पाण्यात कळणारही नाही. त्या ३०० साठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे मोठ्या बॅटरीवर घाला.

किती वेळ जळतो

टॉर्चच्या खोक्यावर छापलेली वेळ वाचताना सावध. बरेच उत्पादक अमेरिकेतला एफएल-वन नावाचा मोजमापाचा संकेत वापरतात. त्यात ‘किती वेळ चालतो’ हे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे खोक्यावर ‘१००० लुमेन, ४ तास’ असं असेल, तर चौथ्या तासाला तुमच्याकडे कदाचित शंभर लुमेन उरलेले असतील. बरं, ते हजार मोजतात टॉर्च लावल्यानंतर पहिल्या दोनेक मिनिटांतच. नंतर तापल्यामुळे टॉर्चने स्वतःच उजेड उतरवला, तर ते हजार तिथेच राहिले.

स्वतः हिशोब करायला सोपं आहे. चांगल्या एलईडी टॉर्चला १००० लुमेनसाठी साधारण १० वॉट लागतात. १८६५० नावाचा लिथियम सेल (आकाराने डबल-ए पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा) सुमारे १२ वॉट-तास साठवतो. म्हणजे एका सेलवर १००० लुमेन जेमतेम तासभर. एका सेलचा टॉर्च ‘३००० लुमेन, २ तास’ म्हणत असेल, तर मनातल्या मनात हसा आणि पुढच्या कपाटाकडे जा.

गुहेत वेळ किती लागतो? वायूचा नियम तिसऱ्या हिश्शाचा. एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला, एक तृतीयांश संकटासाठी राखीव. सिलिंडरमध्ये २०० बार दाब घेऊन निघालात, तर पहिले ६६ बार संपल्यावर वळायचं. आता त्या राखीव हिश्शाचा विचार करा. काही बिघडलं, परतायला दुप्पट वेळ लागला, राखीव वायू वापरावा लागला, तर तेवढा वेळ दिवाही जळायला हवा. सिलिंडरमध्ये श्वास असेपर्यंत दिव्यात जीव हवा. म्हणून ठरवलेल्या डाईव्हच्या किमान दीडपट वेळ मुख्य दिवा पूर्ण उजेडावर चालला पाहिजे, हा माझा हिशोब. ७० मिनिटांच्या डाईव्हला पावणेदोन तास. एक-सेलवाले टॉर्च इथेच बाद होतात. म्हणून केव्ह डायव्हर कमरेला बॅटरीचा वेगळा डबा लावतात आणि केबलने दिवा हाताशी आणतात. याला कॅनिस्टर लाइट म्हणतात. पूर्वी या डब्यात शिशाच्या बॅटऱ्या आणि हॅलोजनचे बल्ब असत, मग एचआयडी (तार नसलेले, वायूतून वीज सोडून पेटणारे) बल्ब आले. एचआयडीचा उजेड सुंदर होता, पण बल्ब नाजूक आणि एकदा विझला की लगेच पेटायला कुरकुर करायचा. एलईडी आल्यावर हा त्रास संपला. आता बॅटरी हातावरच बसवलेले, केबल नसलेले चांगले दिवेही मिळतात. त्यांत दोन किंवा जास्त सेल असतील, एवढं बघा.

बॅकअपमध्ये ताकद शोधू नका. त्याचं काम एकच: मुख्य दिवा गेल्यावर लाईन आणि तिच्यावरचे बाहेरची दिशा सांगणारे बाण दाखवत तुम्हाला बाहेर आणणं, आणि तेवढ्यात टीमला खुणा करता येणं. २०० ते ४०० लुमेन, अरुंद झोत, जास्त वेळ, आणि कमीत कमी बटणं. पाच मोड असलेला, अर्धवट दाबला की लुकलुक करणारा टॉर्च गुहेत नको. भेदरलेल्या हाताने लावल्यावर तो लुकलुकायला लागला, तर टीमला वाटेल संकट आहे. डोकं पिळून लागणारे साधे टॉर्च बरे, पण ते पुरेसे ढिले ठेवा, नाहीतर खोल पाण्यात दाबाने आपोआप लागून बसतात. दोन्ही बॅकअप छातीच्या पट्ट्यांवर, डावीकडे एक, उजवीकडे एक, क्लिपने अडकवून खालचं टोक रबरी पट्टीत. ती पट्टी सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली असते. जगभर हेच चालतं, यात लाजू नका.

आणि नियम पाठ करा: तीनपैकी कुठलाही एक दिवा गेला की डाईव्ह संपला. बॅकअप लावायचा, खूण करायची, आणि बाहेर. ज्याचा मुख्य दिवा गेला तो पुढे किंवा मधे, म्हणजे मागच्याच्या उजेडाचा त्याला फायदा. ‘अजून दोन आहेत की’ हे वाक्य गुहेत बोलायचं नसतं.

घरी तपासा

टॉर्च आला की पहिलं काम: रात्री गच्चीवर जा. पाच मीटरवर भिंत पकडा. कवडशाचा व्यास मोजा, ७० सेंटिमीटरच्या आसपास आला तर झोत ८ अंशांचा. मग फोनवर उजेड मोजायचं एखादं ॲप घ्या, फोन कवडशाच्या मध्यावर धरा. जो लक्सचा आकडा येईल त्याला २५ ने, म्हणजे अंतराच्या वर्गाने, गुणा. ते तुमचे कँडेला. फोनचे सेन्सर काटेकोर नसतात, पण दोन टॉर्चची तुलना करायला पुरतात. अरुंद झोताच्या हजार लुमेनच्या दिव्याचे कँडेला पन्नास हजारांच्या पुढे-मागे यायला हवेत. पाच हजार आले, तर तुम्ही व्हिडिओ लाइट घेतला आहे. दुकानदार काहीही म्हणो.

दुसरी परीक्षा बादलीची. पाण्याने भरलेल्या बादलीत टॉर्च पूर्ण बुडवा, पूर्ण उजेडावर लावा आणि घड्याळ सुरू करा. डायव्हिंगचे टॉर्च थंड व्हायला पाण्यावर अवलंबून असतात. हवेत जास्त वेळ लावले तर तापून स्वतःच उजेड उतरवतात, नाहीतर बिघडतात. दर पंधरा मिनिटांनी डोकावा. कधी मंद झाला, कधी विझला, ते वहीत लिहा. विझताना हळूहळू मंद होतो की एकदम बंद पडतो, हेही बघा. एकदम बंद पडणारा असेल तर त्याची आगाऊ सूचना कशी मिळते, हे माहितीपुस्तिकेत शोधा. तिन्ही टॉर्चसाठी हे करा. दर वर्षी पुन्हा करा, कारण सेल म्हातारे होतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे आईने अर्ध्या तासात दोनदा बाथरूमचा दरवाजा वाजवला होता.

ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) काढून केस, वाळूचा कण, दोऱ्याचा धागा बघा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. चकाकी येईल इतकाच, लोण्यासारखा थापू नका.

विमान

लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायच्या. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाही. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: ११.१ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास म्हणजे साडेशहाऐंशीच्या आसपास. कॅनिस्टरच्या काही बॅटऱ्या १०० च्या वर जातात, घेण्याआधी बघा. दिवा आणि बॅटरी वेगळे करा, सेलच्या टोकांवर टेप लावा, आणि एअरलाइनला आधी मेल करून उत्तर छापून जवळ ठेवा. मुंबईच्या सुरक्षा तपासणीत केबल लावलेला काळा डबा कसा दिसतो, ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कागद का हवा ते कळेल.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या कोर्सला मुख्य दिवा विकत न घेणंच शहाणपणाचं. तुलुमच्या बाजूला आणि फ्लोरिडातही भाड्याने चांगले मिळतात. बॅकअप मात्र स्वतःचे न्या, बादलीची परीक्षा दिलेले. कोर्सच्या चार-पाच दिवसांत दोन-तीन वेगवेगळे मुख्य दिवे हातात घ्या. साथीदाराला विचारा, माझा कवडसा तुला नीट दिसत होता का, आणि डोळ्यांत जात होता का. मग घ्या.

पाण्यात उतरण्याआधी, सेनोतेच्या पायऱ्यांवर, एकेक करून तिन्ही दिवे लावा आणि साथीदाराला दाखवा. त्याचे तिन्ही बघा. बॅकअप बंद करून पुन्हा रबरात खोचा. मुख्य दिवा लावा, उजेड निम्म्यावर आणा, आणि पहिल्या दहा मीटरांत त्याच्या कवडशाशेजारी तुमचा कवडसा ठेवून एक सावकाश गोल फिरवा. त्याचा गोल परत आला की लाईनच्या पहिल्या गाठीकडे वळा.